अळूच्या पानाखाली काय दडलंय? डिलाईल रोड, गिरगाव, दादर आणि लालबाग

मुंबईतला माणूस मुंबईतच तीन समाजगृहं बघायला दिवसभर फिरणार, तेही खिशात मेजरिंग टेप आणि पिशवीत ओळंबा घेऊन, हे घरी सांगितलं तेव्हा बायकोने डबा हवा का एवढंच विचारलं. नको म्हटलं. गिरगाव आणि दादर वाटेवर असताना डबा नेणं हा त्या दोन्ही ठिकाणांचा अपमान आहे.

आधी कारण सांगतो. आमची डिलाईल रोडवरची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. इमारतीचं सगळं ठरलं, राहिलं होतं ते अंगण आणि त्यातला हॉल. पर्याय दोन. पहिला बिल्डरचा: खाली पार्किंग, पार्किंगच्या डोक्यावर फरशी, त्या फरशीवर हॉल. दुसरा एका तरुण आर्किटेक्टबाईंचा, त्यांना आमच्या कमिटीने वेगळं बोलावलं होतं. त्यांच्या योजनेत अंगण जमिनीवरच, मातीचंच, आणि त्यावर अळूच्या पानाच्या आकाराच्या छपराचा उघडा हॉल. पानावर पाणी ठरत नाही तसं छपरावर ठरणार नाही, वारा कडेने शिरून देठाकडे वर जाईल, असं बरंच काही. बाई बोलायला गोड. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

मातीचं एवढं काय, असं बाहेरचे विचारतात. आमच्याकडे गणपतीच्या मंडपाचा पहिला खांब मुहूर्त बघून, जमिनीत खड्डा खणून रोवतात. तो खड्डा माझा शेजारी दिगू खणतो, त्याच्याआधी त्याचे वडील खणायचे. समोरच्या टॉवरमध्ये फरशी आहे, तिथे मुहूर्ताचा खांब रंगाच्या डब्यात वाळू भरून उभा करतात. दिगू दरवर्षी मुद्दाम तो डबा बघायला जातो आणि मान हलवत परत येतो.

आता नकाशा. बाईंच्या नकाशात अंगणाच्या मधोमध तुटक रेघेने काढलेला एक मोठा वाकडातिकडा आकार होता. मी फिटर. सत्तावीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढली. कॉलेजची पायरी चढलो नाही. ड्रॉइंग वाचायला स्वतःचा स्वतः शिकलो, रद्दीत टाकलेल्या ब्लूप्रिंट घरी आणून, जमिनीवर पसरून. तुटक रेघ म्हणजे लपलेली कड, वरून न दिसणारी, खालची वस्तू. हे मला झोपेतून उठवून विचारा. म्हणजे आमच्या अंगणाखाली काहीतरी होणार होतं, टाकी किंवा तळघर, आणि बाई त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. मी चाळीत तसं सांगितलं. चौदा घरांनी माझ्या शब्दावर बाईंच्या योजनेला नकाराचं पत्र दिलं. माती जाणारच असेल तर निदान सांगून घालवणाऱ्याला मत द्या, हे माझं वाक्य. रविवारी सभा होती, आणि चौदा पत्रं म्हणजे अळूचं पान गळालंच.

बाईंनी तीन पुऱ्या झालेल्या कामांचे पत्ते दिले होते. कधीही जा, म्हणाल्या. 'कधीही या' म्हणणाऱ्याची तयारी आधीच झालेली असते असा माझा अनुभव. म्हणून गुरुवारी, तिथे कोणालाही न कळवता, सभेत मांडायला पुरावा गोळा करायचा म्हणून मी निघालो. दिगू सोबत आला.

गिरगाव

सकाळी सातला निघालात तर डिलाईल रोडवरून टॅक्सी अर्ध्या तासात गिरगावात सोडते. नऊनंतर निघालात तर किती वेळ लागेल ते मी लिहून देणार नाही. बसने स्वस्तात होतं, पण एकदा बदलावी लागते. आधी मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, न मागता घातली तर कट जास्त येतो आणि फरसाण कमी.

हॉल एका वाडीत आत आहे. खाली वाचनालय, बाजूला मोकळी जागा, आणि वडाच्या पारंब्यांसारखे खांब. काही जाड, काही मनगटाएवढे, वरती फांद्या होऊन छताला भिडलेले. फोटोत झकास दिसतात. मी ओळंबा लावला. दोन खांब सरळ नव्हते. मुद्दाम तिरके केलेत की चुकून झालेत, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं, फक्त पेपर वाचत बसलेले एक आजोबा होते. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं.

"तुम्ही म्युन्सिपालटीचे?"

नाही म्हटलं.

"बिल्डरचे?"

तेही नाही.

"मग मोजताय कशाला? सरळ बसा की."

बसलो. बरं वाटत होतं, हे मान्य करतो. पारंब्यांमधलं अंतर साधारण सव्वातीन फूट आहे, एक माणूस पाठ टेकून पाय लांब करू शकतो. पण मान वर केली तर प्रत्येक फांदीच्या बेचक्यात बोटभर धूळ. झाडणार कोण? आजोबा म्हणाले, दिवाळीच्या आधी एक माणूस शिडी घेऊन येतो, खालून सगळे त्याला सूचना देतात, आणि तो निम्म्यात निघून जातो. मी वहीत लिहिलं: धूळ, शिडी, निम्मं.

दिगू मात्र खांबांकडे बघतही नव्हता. तो खाली वाकून फरशीवर टकटक करत होता. पूर्ण फरशी, माती कुठेच नाही. त्याचा चेहरा उतरला तो दादरपर्यंत.

दादर

गिरगावहून दादरला आम्ही बसने गेलो. ऑक्टोबरचं ऊन आहे, डाव्या बाजूची खिडकी धरा. समुद्राच्या बाजूच्या एका सोसायटीच्या आवारात ज्येष्ठ नागरिकांसाठी बैठकीची जागा बांधली आहे, तिची पश्चिमेची अख्खी भिंत पोळ्यासारखी: मातीच्या भाजलेल्या षटकोनी नळ्या एकावर एक रचलेल्या. समुद्राचा वारा त्यातून गार होऊन येतो असं बाईंनी सांगितलं होतं. मी हात धरून बघितला. येतो. पण अर्ध्या पोळ्यावर हिरवी नायलॉनची जाळी ठोकली होती.

"कबुतरं," तिथे स्वेटर विणत बसलेल्या बाईंनी न विचारता सांगितलं. ऑक्टोबरात स्वेटर का, हे विचारायचा मोह मी आवरला. नळीचं तोंड कबुतराच्या मापाचं निघालं, आणि पहिल्याच वर्षी प्रत्येक खोलीत बिऱ्हाड आलं, भाडं न देता.

दिगू पहिल्यांदा हसला. "मधमाशीचा घर बांधला नि भाडोत्री घुसले. चाळीतली तऱ्हा झाली रे."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दोन ठिकाणं, दोन दोष, दोन्ही मोजून लिहिलेले. नळीचं तोंड साडेचार इंच. निसर्गातून घ्यायचं तर निसर्गात कबुतरही असतं, हे नकाशा काढणाऱ्याला कळायला नको? एका उपाहारगृहात थालीपीठ आणि पीयूष घेतलं. थालीपिठावरचं लोणी वितळायच्या आत खा. रविवारच्या भाषणाचा पहिला परिच्छेद मी तिथेच वहीत लिहून काढला.

लालबाग

इथे खरा मामला होता, कारण लालबागच्या एका चाळीच्या अंगणात बाईंनी अळूच्या पानाचं छप्पर आधीच बांधलं आहे, आमच्यापेक्षा लहान, पण तेच. दादरहून टॅक्सीने पंधरा मिनिटं. चिवडा गल्लीत आधी शिरू नका, मग हातातल्या पुड्या सांभाळत काहीच नीट बघता येत नाही.

छप्पर सुरेख आहे. एकाच जाड देठावर तोललेलं, कडा थोड्या खाली झुकलेल्या, मधल्या शिरा खालून दिसतात. खाली माती, शेणाने सारवलेली. कोपऱ्यात तुळस, दोरीवर दोन चादरी. भिंतीवर काचेत लावलेला त्या जागेचा नकाशा होता, आणि त्यात तीच तुटक रेघ.

"बघ," मी दिगूला म्हटलं. "इथेपण आहे. म्हणजे आपल्या पायाखाली पोकळी."

मी टाच आपटून बघितली. माती आवाज देत नाही, त्यातून काही कळेना. तेवढ्यात देखरेख करणाऱ्या मावशी आल्या. साठीच्या, कमरेला किल्ल्या. मालवणी बोलणं ऐकल्यावर दिगू लगेच गावाच्या नावावर आला, दोघांची गावं एका खाडीच्या दोन बाजूंना निघाली, आणि पाच मिनिटांत त्याने मावशींकडून खुरपं आणि परवानगी दोन्ही मिळवली. तुटक रेघ नकाशात जिथे होती तिथे, बरोबर मोजून मी जागा दाखवली. दिगू उकिडवा बसला आणि खणायला लागला.

मनगट गेलं. कोपर गेलं. माती, एक सोड्याचं बूच, आणखी माती. खुरपं पुढे जाईना तेव्हा त्याने हात घालून चाचपलं. खाली घट्ट मातीच. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, आणखी खोल असेल.

"काय शोधतास?" मावशींनी विचारलं.

मी काचेतल्या नकाशावर बोट ठेवून ती रेघ दाखवली. म्हटलं, ही जमिनीखालची वस्तू कुठली ते शोधतोय.

मावशींनी रेघेकडे बघितलं, मग जमिनीकडे. दिगूच्या खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना मातीत छोटे छोटे खळगे होते, बोटाच्या पेराएवढे, एका वळणदार ओळीत. मी त्यांच्यावर दोनदा पाय देऊन गेलो होतो.

"अरे ती पागोळेची रेघ," मावशी म्हणाल्या. "पावसात पानावरसून पाणी खंय पडतला? हयसरच पडतला ना?"

मी मान वर केली. छपराची कड बरोबर डोक्यावर होती. ओळंबा काढला, कडेवरून सोडला. गोळी खळग्यांच्या ओळीवर येऊन थांबली. नकाशातली रेघ, मातीतले खळगे आणि वरची कड, तिन्ही एकच. इमारतीच्या नकाशात तुटक रेघ डोक्यावरची वस्तू दाखवते. मशीनच्या ड्रॉइंगमध्ये लपलेली. सत्तावीस वर्षं मी एक भाषा वाचत होतो आणि दुसरीही तीच असणार असं धरून चाललो होतो. बाईंनी काही लपवलेलं नव्हतं. सगळ्यांच्या वर, उघड्यावर, अख्खं छप्पर काढलं होतं.

दिगू खड्डा बुजवत होता. हाताने माती ओढत, थापटत. मग उभा राहिला, हात झटकले आणि म्हणाला, "इंजिनेर, तू माझा खड्डा घालवत होतास रे."

चाळीत मला चिडवायला इंजिनेर म्हणतात. त्या दिवशी तो चिडवत नव्हता. मावशींनी चहा केला, मी तो तसाच ठेवला. चिवडा घेतला, कारण घरी सांगून आलो होतो. मका पोहे घ्या, पातळ पोहे ताजे असतील तरच.

परत डिलाईल रोड

शुक्रवार आणि शनिवार मी चौदा दारांपैकी एकाही दाराशी गेलो नाही. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलंही नसतं: बिल्डरची फरशी आली असती आणि मी बरोबर ठरलो असतो. दिगूने मला एकदाही विचारलं नाही की तू सांगणार आहेस का. जिन्यात भेटला तेव्हा नुसता बाजूला झाला. ते जास्त लागलं.

रविवारी सभेत उठून सगळं सांगितलं. रेघ खालची नव्हे, वरची. मी चुकीची वाचली. अंगणाखाली माती आहे आणि मातीच राहणार आहे.

मग मागून आवाज आला, काय इंजिनेर, बाईंनी चहाला बोलावलं वाटतं. हशा झाला. दुसऱ्याने विचारलं, सोमवारी एक सांगतोस, रविवारी दुसरं, मधे गुरुवारी कोण भेटलं. दिगू उठला, म्हणाला मी स्वतः हात घालून बघितलंय, तर त्यालाही कोणीतरी म्हणालं, तुला चिवड्याची पुडी मिळाली असेल. चाळीला संशय घ्यायला मीच शिकवला होता, आणि चाळ चांगली शिकली होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी हळू बोलतात, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसावं लागतं. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास ठेवून मी सही केली. आता सही मागे घ्यायची तीपण तुमच्यावरच विश्वास ठेवून?"

मी म्हटलं, माझ्यावर नको. लालबागला जाऊन बघा. मी सोबत येणार नाही.

सभा पुढच्या रविवारवर गेली. त्या आठवड्यात चौदापैकी अकरा घरं लालबागला जाऊन आली, आपापल्या वेळी, आपापल्या टॅक्सीने. तीन गेली नाहीत, त्यांचं म्हणणं मावशीही बाईंचीच असणार. नऊ पत्रं मागे घेतली गेली. अळूचं पान पास झालं, थोडक्यात. वडाच्या धुळीबद्दल आणि कबुतरांबद्दल मी बाईंना चार पानं लिहून दिली, मापांसकट, कारण ते दोष खरे आहेत. माझा बाईंवरचा संशय गेलेला नाही. छपराचा देठ एकच आहे, आणि त्याच्या पायाचं काम मी स्वतः उभा राहून बघणार आहे.

वहिनींनी पत्र मागे घेतलं. पण तेव्हापासून मी जिन्यात काहीही सांगितलं, पाणी आज उशिरा येणार, बस बंद आहे, काहीही, की त्या पिशवी खाली ठेवतात आणि विचारतात, "बघितलंत, की वाटतंय?"

आणि मला दर वेळी थांबून आठवावं लागतं.