वाकड्या पायांची चांदी

पहिल्या महायुद्धात आमच्या तुकडीची नेमणूक कर्जत स्टेशनजवळच्या रसद गोदामावर होती. पोती उतरवणे, पोती चढवणे, पहारा. उंदरांसाठी तिथे एक मांजरी होती. ती पळू नये म्हणून तिला आतच कोंडून ठेवण्याचा हुकूम होता. गोदामाला खिडकी नव्हती.

तिचे एकच पिल्लू जगले. ते धर्माने पाळले. धर्मा ठाकूरवाडीकडचा ठाकर, आमचा ड्राबी, म्हणजे खेचरे हाकणारा. पिल्लाचे नाव त्याने चांदी ठेवले. आपल्या वाट्याचे मांस हाड काढून तो तिला भरवी. चांदी मोठी होऊ लागली तसे तिचे पुढचे पाय विळ्यासारखे वाकले. उडी मारली की ती कळवळे.

धर्माचेही पाय वाकडेच होते. आमचा हवालदार म्हणे, "धर्मा, ही तुजी बहीण का रं? चाल एकच हाय."

"व्हय साब. धाकटी."

खेचरे तपासायला सलोत्री, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आला, तेव्हा धर्माने चांदी त्याच्यापुढे ठेवली. सलोत्र्याने पाय चाचपले.

"नुसतं मांस देतोस?"

"व्हय. मऊ मऊ."

"तिथंच चुकलं. वाढत्या जिवाला हाड लागतं. कोवळी हाडं कुटून घाल. दूध दे, ऊन दे. उंचावर चढू देऊ नकोस."

"पाय सरळ व्हतील?"

"वाकले ते वाकले. दुखणं थांबेल."

लवकरच साहेबांचे इन्स्पेक्शन होते. हवालदाराने धर्माला बजावले, "उंदीर धरता आला नाय, तर साहेब तिला ठेवनार नाय."

धर्मा रोज सकाळी चांदीला सदऱ्यात लपवून खेचरांच्या लाइनीत उन्हाला नेई. लंगरमधली, म्हणजे स्वयंपाकघरातली हाडे मागून आणून दगडावर कुटी. हळूहळू तिचे कळवळणे थांबले. मग ती फेंगडी का होईना, पळू लागली.

इन्स्पेक्शनच्या दिवशी साहेबांनी पिंजऱ्यातला उंदीर सोडायला लावला. चांदीने तो पोत्याच्या कोपऱ्यात धरला. साहेब तिची चाल पाहून पोटभर हसले. मग म्हणाले, "डिस्ट्रॉय इट."

"सर, उंदीर धरला तिनं," हवालदार म्हणाला.

"ऑर्डर ऐकलीस?"

"यस सर." हवालदार धर्माकडे वळला. "तुजी हाय. तूच ने."

"हुकूम," धर्मा म्हणाला.

चांदीला पोत्यात घालून, आत दगड ठेवून तो उल्हास नदीवर गेला. परत आला तेव्हा साहेब अजून गोदामातच होते. पोते सरकारी होते, ते त्यांनी परत मागितले. धर्मा पुन्हा नदीवर गेला आणि ओले, रिकामे पोते आणून त्याने स्टोअरमध्ये जमा केले.

पुढे बसऱ्याला, मेसोपोटेमियाच्या आघाडीवर, जाणारी माणसे निवडायला तेच साहेब आले. डॉक्टरांनी धर्माच्या पायांकडे बोट दाखवले. माणसे कमी पडत होती. साहेब म्हणाले, "फिट." या वेळी कोणी हसले नाही. दुष्काळात जन्मलेल्या धर्माला लहानपणी दूध का मिळाले नाही, हेही कोणी विचारले नाही.

मेसोपोटेमियात एका सकाळी माघारीचा हुकूम आला. "रन! रन!" धर्माने खेचरे सोडून पुढे हाकली. ती सगळी वाचली. त्याला पळता आले नाही.

आमच्या छावणीत युद्धात मेलेल्यांच्या नावांचा दगड लावला आहे. त्यावर ड्राबींची नावे नाहीत. म्हणून इथे लिहितो. धर्मा, ठाकूरवाडी. चांदी, कर्जत गोदाम. हुकूम दोघांनीही पाळला होता.