चिठ्ठीत निघालेला देश

दुसऱ्या सत्रात, सुरक्षा परिषदेच्या पहिल्या अभिरूप बैठकीच्या सकाळी, सरांनी माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. चिठ्ठीवर फ्रान्स होतं. ती त्यांनी आदित्यला दिली. आदित्यच्या चिठ्ठीवर 'इतिवृत्त' होतं. ती मला दिली.

हे बंगळुरूच्या एका विद्यापीठात घडलं. विषय आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त. वर्गात आम्ही सोळा जण. डब्यातून चिठ्ठी उचलायची, निघेल त्या देशाच्या वतीने बोलायचं. बोलण्याला गुण. इतिवृत्त लिहिणारा बोलत नाही, त्याला पास होण्यापुरते मिळतात. चार बैठकांच्या गुणांवरून दिल्लीतल्या प्रशिक्षणासाठी एकच नाव जाणार होतं. मला जायचं होतं.

चिठ्ठी घेताना सर मराठीत बोलले. हळू आवाजात. "दे इकडे. तुला झेपायचं नाही."

वर्गात मराठी कळणारे दोघंच. ते आणि मी.

पहिल्या दिवशी ते खूश झाले होते. "अरे वा, मराठी! आडनाव काय?" मी सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले. त्यानंतर माझ्याशी फक्त इंग्रजी. चिठ्ठीच्या सकाळपर्यंत.

मला आधी माझाच संशय आला. माझी शाळा आनेकलची, कन्नड माध्यमाची. आदित्य व्हाइटफील्डचा, मोठ्या शाळेतला. फ्रान्सला नकाराधिकार आहे, खूप बोलावं लागतं. असेल त्यांचं बरोबर.

दुसऱ्या बैठकीत मला केनिया निघालं. केनियाला नकाराधिकार नाही. तरी चिठ्ठी गेली. "अक्षर चांगलं आहे तुझं," सर म्हणाले. तिसऱ्यांदाही तेच. इतिवृत्ताची चिठ्ठी ज्याला निघायची तो सुटायचा.

त्या आठवड्यात ते वास्तववाद शिकवत होते. देशांच्या वर कुणी मालक नाही. बलवान करतो, दुबळा सोसतो. मी विचारलं, दुबळा कोण हे ठरवतं कोण? सर म्हणाले, वेळ संपली. तास संपायला वीस मिनिटं होती.

घरी आईला सांगितलं. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर आहे. ती म्हणाली, "मनात धरून काय उपयोग? लिहून ठेव. आमचा सुपरवायझर पण तोंडच्या बोलण्याला भीत नाही. कागदाला भितो."

मी लिहिलं. कोणाला काय निघालं, कोण कुठे बसलं. तीन बैठकांत अदलाबदल फक्त माझ्या चिठ्ठीची झाली होती.

चौथ्या बैठकीत मला चीन निघालं. इतिवृत्त पुन्हा आदित्यला. सरांचा हात पुढे आला. मी मूठ मिटली.

"हट्ट करू नकोस," ते मराठीत म्हणाले. "तुम्हा लोकांना सगळं राखीवच लागतं."

त्या दिवशी अध्यक्षपदी येलहंक्याची नंदिनी होती. मी उभी राहिले. "अध्यक्ष महोदया, सर आत्ता जे बोलले ते इतिवृत्तात घ्यावं." मग ते वाक्य मराठीत म्हटलं. मग कन्नडमध्ये. मग इंग्रजीत.



सर म्हणाले, "बैठक अजून सुरू झालेली नाही."

"सर, चिठ्ठ्या उघडल्या की बैठक सुरू," नंदिनी म्हणाली. "त्यानंतरचं प्रत्येक वाक्य लिहायचं. नियम तुमचाच आहे." मग माझ्याकडे वळून, "अक्का, परत सांग. स्वल्प सावकाश."

आदित्य पेन धरून बसला होता. "गेम आहे यार हा," तो मला म्हणाला. "सोड ना."

"लिही," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. मी चीनच्या खुर्चीवर बसले. पहिल्या ठरावाच्या बाजूने चौदा देश होते. मी नकाराधिकार वापरला. ठराव पडला.

दिल्लीला आदित्यचं नाव गेलं.

इतिवृत्ताचं पहिलं पान त्याच्याच अक्षरात आहे. त्याची प्रत जोडून मी विद्यापीठाकडे लेखी तक्रार दिली. पोच घेतली. सरांनी चौकशी समितीला सांगितलं, ते वाक्य विनोदाने म्हटलं होतं. तक्रार मागे घ्या, असं मला विभागातून दोनदा सांगण्यात आलं. दुसऱ्यांदा विभागातल्यांनी माघारीचा अर्ज टाइप करून आणला होता. फक्त सही हवी होती.

मी सही केलेली नाही.