शांताकाकूंनी बसवलेला डान्स

शांताकाकू गेल्या त्याला आज वर्ष झालं, आणि मला सकाळपासून नुसतं हसू येतंय.

रडून झालं मागच्या वर्षी. पोटभर.
आज मला त्यांच्या डान्सबद्दल सांगायचंय.

मी लग्न होऊन मेडशीला आले तेव्हापासून काकू आमच्या शेजारीण. साठी उलटलेली, तरी दिवसभर वावरात.

काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने महिला मेळाव्यात ग्रुप डान्स करायचं ठरवलं. मी कॉलेजात नाचायचे, म्हणून जबाबदारी माझ्यावर. मोबाईलवर एक व्हिडिओ निवडला आणि शाळेच्या मैदानात प्रॅक्टिस सुरू केली.

आठवड्याभरातच सगळं मोडायची वेळ आली.

प्रत्येकीला पुढची लाइन हवी. त्यात मीना आणि रेखा सख्ख्या जावा. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालेलं, तेव्हापासून कित्येक वर्षं बोलणं बंद. एक आली की दुसरी घरी जायची.

काकू रोज ओट्यावर बसून बघायच्या. एक दिवस पदर खोचून उठल्या. म्हणाल्या, मले बी घ्या.

कोणीतरी वयाचं काढलं. काकूंनी ऐकलंच नाही. सरळ माझ्याकडे वळल्या.

"हा डान्स त्या मोबाईलवालीचा आहे. आपण पेरतो, निंदतो, सोयाबीन सोंगतो. थेच नाचू ना. अन् लाइन कायले पाह्यजे? गोल करा. गोलात कोणी मांगं नसते."

मी व्हिडिओ बंद केला. जरा फुगूनच.

पण मग जी मजा सुरू झाली!

विळा फिरवायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. त्यावरून वाद. वादातूनच स्टेप.
गाणंही आम्हीच जुळवलं. एक ओळ हिची, एक तिची.
मी काही शिकवत नव्हतेच आता. मीही गोलातली एक.

डान्सच्या शेवटी सोयाबीनचा ढीग झाकायचा, म्हणून ताडपत्री आणली. काकूंनी तिचं एक टोक मीनाच्या हातात दिलं आणि दुसरं रेखाच्या.

ताडपत्री हवेत उडवायची तर दोघींचे हात एकदम वर जायला हवेत. ते काही जमेना. रोज वाकडीच उडायची.

एका संध्याकाळी रेखा जमिनीकडे बघत म्हणाली, "जरा ढील दे."

"तूच ओढून राह्यली," मीना म्हणाली.

काकू शांतपणे पाणी प्यायला निघून गेल्या.

त्या दिवशी ताडपत्री सरळ उडाली. घरी जाताना दोघी जावा पुढे चालत होत्या, अजून ताडपत्रीवरूनच भांडत. इतक्या वर्षांचं बोलणं साचलेलं, थांबतंय कशाला.

मेळाव्यात स्टेजवर जायचा आमचा नंबर आला. अर्ध्या डान्सपर्यंत सगळं झकास.
आणि काकू स्टेप विसरल्या.

गोलाच्या मधोमध उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, हसत.

तेवढ्यात रेखाने कमरेवर हात ठेवला. मग मीनाने. मग आम्ही सगळ्यांनी. सगळा गोल कमरेवर हात ठेवून हसत उभा, आणि मंडपभर टाळ्या.

खाली उतरल्यावर एका मॅडमनी विचारलं, ती मधली स्टेप कोणी बसवली?

काकू म्हणाल्या, "मी."

पुढे प्रत्येक कार्यक्रमात आम्ही तो डान्स केला. लोकांची फर्माईशच असायची.

मागच्या वर्षी काकू आजारी पडल्या. भेटायला गेले तर तब्येतीचं बोलूच देईनात. माझा हात धरून म्हणाल्या, "आता थो डान्स पुरे झाला. नवीन काही तरी करा, बाप्पा."

तर काकू, नवीन बसवतोय. विषय अजून ठरलेला नाही. प्रत्येकीच्या डोक्यात वेगळंच आहे, काल प्रॅक्टिस कमी आणि भांडण जास्त झालं.

म्हणजे चांगला होणार.

आम्हा सगळ्या बायांचा तुम्हाला घामेजलेला, हसरा नमस्कार.

रामराम, काकू.