पिठावर उमटलेलं पाखरू

मोठेबाबा गेले तेव्हा धानाची मळणी नुकतीच आटोपली होती. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गोरेगावजवळच्या आमच्या गावी सगळी शेती त्यांनीच सांभाळली. मी गोंदियाच्या एका शाळेत इतिहास शिकवते. फोन आला तेव्हा वर्गात नेमका आदिमानवच चालू होता. मेलेल्या माणसाशेजारी मडकी, हत्यारं, मणी पुरायचे, कारण पुढच्या मुक्कामी त्याला हे सगळं लागेल अशी त्यांची समजूत होती. एवढं सांगून मी खडू ठेवला आणि मिळेल ती एसटी पकडली.

पोचले तर तिरडी तयार होती. मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसलेली. तिने आपल्या मुलाला हाक मारली.

"पानठेल्यावर जाय. त्याइचा नेहमीचा खर्रा घोटून आन."

रडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. खर्रा म्हणजे आमच्याकडच्या पुरुषांचा जीव की प्राण असलेली सुपारी-तंबाखू. त्या खर्ऱ्यापायी या नवराबायकोचं उभा जन्म भांडण चाललं होतं. मोठीमायने पुड्या चुलीत घातल्या होत्या, विहिरीत टाकल्या होत्या, एकदा तर म्हशीच्या शेणात पुरल्या होत्या.

माझा चुलतभाऊ पुडी घेऊन आला. मोठीमायने ती मोठेबाबांच्या छातीवरच्या पांढऱ्या कापडाखाली नीट सारली.

मला राहवलं नाही. "मोठीमाय, जन्मभर याच्यावरून भांडलीस, आणि आता?"

"इथं खाऊन कॅन्सर झाला असता," ती म्हणाली. "आता का व्हते?"

आणि मग ती रडली. इतकी रडली, की तिला सावरायला आम्ही तिघी लागलो.

दहाव्याच्या संध्याकाळी, जिथे त्यांनी प्राण सोडला त्या जागी तिने तांदळाचं पीठ चाळून पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर टोपली झाकली. सकाळी पिठावर ज्याचा ठसा उमटेल त्या जन्माला माणूस गेला, असं आमच्याकडे मानतात. मी सवयीने शिकवायला लागले. माणूस असा एकदम संपतो हे माणसाच्या मनाला पटतच नाही, आदिमानवालाही पटलं नव्हतं, वगैरे.

"व्हय का?" मोठीमाय म्हणाली. "मंग चांगलेच लोक होते म्हनायचे. मॅडम, ते टोपली दाबून ठेव, मांजर फिरून राहिली."

सकाळी टोपली उचलली. पिठावर बारीक तीन रेघा होत्या, मागे एक टिंब. चुलतभाऊ म्हणाला, उंदीर. मी म्हणाले, टोपलीची काडी टेकली असेल. मोठीमायने मोठेबाबांचाच चष्मा डोळ्यांना लावला आणि वाकून पाहिलं.

"पाखरू," तिने निकाल दिला, आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागली. मोठेबाबांनी आयुष्यभर गोफण घेऊन धानावरची पाखरं हाकलली होती. "आता समजंल! लय गोटे मारत होते!"

गंमत तिथेच संपली असं मला वाटलं होतं. पण पुढच्या हंगामात धान भरलं आणि चुलतभावाचा फोन आला. "ताई, तूच येऊन सांग मायले. पाखरं हाकलू देऊन नाई राहिली."

रविवारी गेले. मोठीमाय बांधावर छत्री घेऊन बसली होती. पोपटांचा थवा धानात जेवत होता. चुलतभाऊ रिकामा डबा हातात धरून उभा.

"माय, सारेच पाखरं बाबा हायेत का वो?"

"नाई."

"मंग हाकलू दे ना!"

"वळखून हाकल. स्वताचा बाप वळखू येत नाई का तुले?"

मी मध्ये पडले. बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं, की विहिरीकडचा कोपरा पाखरांचा, बाकीचं शेत आपलं. पाखरांना हा करार कोणी सांगितला नव्हता. थोड्याच वेळात थवा शेताच्या मधोमध उतरला. चुलतभाऊ आईकडे पाहत राहिला. तीच ताडकन उठली, छत्री आपटली आणि ओरडली, "हट! आपल्या हिश्शात जा!"

थवा भुर्रकन उडाला.

"मोठीमाय, त्यात मोठेबाबा असते तर?" मी विचारलं.

"म्हनूनच त ओरडली. माहा आवाज वळखतेत. पाह्य, कसे उडाले."

"अगं, सगळेच उडाले."

तिने आभाळाकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं. "माह्या आवाजाले सारेच भेतात," ती म्हणाली.

त्या कोपऱ्यात त्या हंगामात नुसती तणस, म्हणजे दाण्यांविना पेंढाच हाती आला. चुलतभाऊ चार दिवस कुरकुरला. पण या वर्षी रोवणीच्या वेळी मी गेले, तेव्हा विहिरीकडच्या त्याच कोपऱ्यातल्या बांधीत तो रोपं लावणाऱ्या बायांना सांगत होता, "इथं जराशी दाट लावा वो. हे आपल्यासाठी नाई."