पंचवीस टॉलेफसन

व्हर्न टॉलेफसन थकला होता, आणि थकलो म्हणून सांगायचाही त्याला कंटाळा आला होता. जूडिथ नदीच्या खोऱ्यात चाळीस वर्षं त्यानं बंदुका घडवल्या. आता लेथपाशी अर्धा तास उभं राहिलं की कंबर बोंबलायची, आणि डोळ्यांचं तर विचारूच नका. जिकडे बघावं तिकडे नेमका मधोमध डाग. कडेचं सगळं दिसायचं, बघायचं तेवढं गायब. बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरनं मार्चमध्येच सांगून टाकलं होतं की हे बरं व्हायचं नाही, वाढतच जाणार. ही गोष्ट व्हर्न आणि त्याची बायको आयडा, दोघांतच होती.

जूनमधल्या एका सकाळी लाइल ब्रेकहुस काखेत लांबट पेटी घेऊन दुकानात शिरला. पन्नाशीचा गडी, मेंढ्यांचा धंदा, गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रानं डाव्या हाताची तीन बोटं नेलेली. त्याचा बाप अँडर्स म्हणजे व्हर्नचा जिवाभावाचा दोस्त. फेब्रुवारीतच गेला होता.

"मला एक रायफल करून द्या," लाइल म्हणाला. "डोंगरातल्या एल्क हरणांच्या शिकारीला. आणि काडतूस तुमचंच हं. पंचवीस टॉलेफसन."

व्हर्नच्या हातातला कप हातातच राहिला. हे ऐकायला तो अकरा वर्षं थांबला होता.

आता हे काडतूस म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं. आमच्याकडच्या बंदूकवाल्यांना एक खोड असते. दुकानात मिळते ती पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची, खांदा सरकवायचा आणि नव्या काडतुसाला स्वतःचं आडनाव लावून मोकळं व्हायचं. अशा काडतुसाला रानमांजर म्हणतात. कारखाना ते काढत नाही, दुकानदार ठेवत नाही. ज्यानं जन्माला घातलं त्यानंच जन्मभर पोसायचं. शहाणे लोक त्यातही एक पळवाट ठेवतात. नळीतलं काडतुसाचं घर असं कोरतात, की अडल्यावेळी दुकानातलं साधं काडतूसही त्यातून उडावं. अँडर्सनं तेव्हा हेच सांगितलं होतं, वर 'एवढं घट्ट धरून बसू नकोस,' असंही. पण ऐकेल तो व्हर्न कसला! "मग ते माझं कसं?" म्हणाला, आणि पुंगळीचा खांदा मुद्दाम मागे ढकलला. दुकानातलं काडतूस आत जाणारच नाही अशी चोख व्यवस्था केली पठ्ठ्यानं.

तीस वर्षांत त्या काडतुसाच्या चार रायफली झाल्या, शेवटची अकरा वर्षांपूर्वी. तिघांनी पुढे कंटाळून नळ्या बदलून घेतल्या. नळीवर ठोकलेलं '२५ टॉलेफसन' उरलं ते एकट्या अँडर्सकडे.

"बस, बस लाइल," व्हर्न म्हणाला आणि कपाट उघडून तेलकट फडक्यात गुंडाळलेला रीमर काढला. काडतुसाचं घर कोरायचं हे हत्यार त्यानं स्वतः घासून केलं होतं. पात्यांवर गंजाचा ठिपका नव्हता. तो बोलायला लागला तसा आवाजच बदलला. "चारशे यार्ड! दरीच्या पलीकडे उभा असू दे एल्क. दुकानातल्या साध्या टू-सेव्हंटी काडतुसापेक्षा गोळी दोन इंच कमी खाली झुकते. मोजून दोन इंच!"

आयडा कॉफीची किटली घेऊन आली होती. तिनं रीमर पाहिला आणि काय ते ओळखलं. "निघालं का मांजर बाहेर? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही."

"तू गप्प बैस गं."

"मी गप्पच आहे. मार्चपासून गप्प आहे," ती म्हणाली आणि किटली आदळून आत गेली.

लाइलनं पेटी उघडली. आत बापाची रायफल, दस्ता पुसून लख्ख केलेला, आणि तंबाखूचा एक जुना डबा. डब्यात चार काडतुसं होती.

"एवढीच?" व्हर्ननं विचारलं. "मी त्याला शंभर करून दिली होती की."

"एवढीच उरलीत. म्हणून तर बाबा शेवटची सहा वर्षं शिकारीला गेले नाहीत."

"गुडघ्यांमुळे गेला नाही तो. मला स्वतः म्हणाला होता."

"गुडघ्यांना काय धाड भरली होती! कुंपणाचे खांब रोवायचे ते. आयडाचं ऑपरेशन झालं ना, त्या वर्षी काडतुसं संपत आली. तुमच्या मागे आणखी व्याप नको म्हणाले. पुढे तुमची कंबर धरली. आई म्हणायची, दुसरी रायफल घ्या. तर तेही नको. व्हर्नला कळलं तर वाईट वाटेल, म्हणायचे." लाइल हसला. "दर ऑक्टोबरात रायफल काढायची, पुसायची आणि ठेवून द्यायची. म्हणून म्हटलं, मी तरी तुमचं काडतूस चालू ठेवतो."

व्हर्न मटकन स्टुलावर बसला. सहा ऑक्टोबर! आणि त्या प्रत्येक ऑक्टोबरात अँडर्स ह्याच स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत होता, हसत होता. व्हर्नला स्वतःची इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

त्यानं डब्यातलं एक काडतूस उचललं. असं एक करायचं म्हणजे मान तीनदा आवळायची, थोड्या दारूवर एकदा उडवून पुंगळी फुगवायची, मग कापायची, घासायची, भरायची. शंभर करायला तीन आठवडे जायचे, तेही धडधाकट डोळ्यांनी. आता ती कोण करणार? दोन बोटांच्या हाताचा लाइल? त्यानं काडतूस डोळ्यांसमोर धरलं. पितळेच्या जागी डाग दिसला. तिरकी मान केली तेव्हा कुठे ते कडेला सापडलं.

होकार देणं किती सोपं होतं! नळीवर पुन्हा एकदा आपलं नाव ठोकायचं, पन्नासेक काडतुसं कशीबशी करून द्यायची आणि पुढचं पुढे. लाइलही बापावरच गेलेला, तोंडातून अवाक्षर काढलं नसतं त्यानं.

"लाइल, टू-सेव्हंटी घे," तो म्हणाला.

"काय?"

"साधं, दुकानातलं टू-सेव्हंटी. रायफल मी करतो, माझी शेवटची. नळी अशी बसवीन की बघत राहशील. पण काडतूस माझं नको."

"अहो, पण मी मुद्दाम तुमचंच मागायला आलो ना! दोन इंचांचं काय झालं मग?"

"खड्ड्यात गेले ते दोन इंच. त्यांच्यापायी तीस वर्षं गेली, आणि तुझ्या बापाचे सहा मोसम गेले." मग जे मार्चपासून आयडाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यानं सांगून टाकलं. "मला दिसत नाही पोरा. तुझं तोंडसुद्धा आत्ता दिसत नाहीये. काडतुसं कोण करणार तुला?"

लाइलनं त्याच्या हातातलं काडतूस काढून डब्यात ठेवलं. मग म्हणाला, "बरं. टू-सेव्हंटी."

ती रायफल करायला व्हर्नला तीन महिने लागले. बोटांनी चाचपत केली बरीचशी. माप वाचायला आयडा शेजारी उभी राहायची. आकडे सांगायची, वर टोमणे फुकट. पण रायफल झाली झकास.

नोव्हेंबरात लाइल आला तो एल्कची अख्खी मांडी घेऊन. "एका गोळीत पडला! आणि गंमत सांगू? काडतुसं घरीच विसरलो होतो. पेट्रोल पंपावर घेतली. डोनट ठेवतात ना, त्याच फळीवर."

"त्या पंपवाल्यानं विचारलं का, रायफल कुणी केली?"

"छे. त्याला काय करायचंय?"

"बरोबर आहे," व्हर्न म्हणाला.

मग लाइल गाडीकडे गेला आणि बापाची रायफल घेऊन परत आला. दारातच घुटमळला. "व्हर्न, रागावू नका. माझी मुलगी मागतेय ही. आजोबांची रायफल हवी म्हणते, पण वापरायला हवी. तुम्हीच म्हणालात तसं, हिलाही टू-सेव्हंटीची साधी नळी..."

आयडा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ह्या खेपेला तिनं किटली हळूच खाली ठेवली.

व्हर्ननं रायफल घेतली. नळीवरून अंगठा फिरवत नेला, अक्षरं लागली तिथे थांबवला. तो ती ठोकत असताना अँडर्सनं कंदील धरला होता. मग त्यानं नळी शिकंज्यात आवळली आणि लांब पाना लावला. जोर केला. पाना हलेना. पुन्हा जोर केला, तरी जागचा हलेना.

"तू धर," तो लाइलला म्हणाला.

दोघांनी मिळून पान्यावर भार टाकला. कट्कन आवाज झाला आणि नळी सुटली.

"काय घट्ट बसवली होती हो तुम्ही!" लाइल धापा टाकत म्हणाला.

"हो," व्हर्न म्हणाला. "अँडर्सही तेच म्हणायचा."