मोकळा गळा

आमच्या ह्यांना घशाचा कॅन्सर निघाला, तेव्हा शेजारीण मला म्हणाली, "दवाखान्यात सोनं घालून जाऊ नको वं. गरिबांची सवलत देत नाहीत." मी इतकी घाबरलेली होते की तिचं खरंच मानलं. विटकी साडी नेसले आणि मंगळसूत्र काढून पिशवीत टाकलं.

सवलतीच्या खिडकीपुढे रांगेत उभे होतो, तर ह्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली. बसलेल्या आवाजात म्हणाले, "काहून काढलं वं? मी अजून जित्ता आहो ना!" गंमत करायला गेले, पण नजर गळ्यावरून हटली नाही. मी तिथंच उभ्या उभ्या ते गळ्यात घातलं. मग तर जीव आणखीच घाबरला. आता सोनं पाहून नाही म्हटलं तर? डॉक्टरांनी सांगितलेली महागाची इंजेक्शनं आम्ही कुठून आणणार होतो?

खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उत्पन्नाचा दाखला?" सोन्याचं शेजारणीनं सांगितलं, ह्या कागदाचं कोणीच सांगितलं नव्हतं बाई.

"तहसीलीतून काढून आणा, मग उपचाराची तारीख देते."

ह्यांनी माझं मनगट धरलं. "किती दिवस लागतीन वं?"

"दोनच," मी म्हटलं. मला तरी कुठं माहीत होतं!