एकोणीस खोटी उत्तरं

अकनिसी वुलाओनो कटिंग मशीनपुढे उभी राहिली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिथून हटली तेव्हा पंचावन्न.

सुवा शहरातल्या वालू बे भागात आमच्या वर्तमानपत्राचा छापखाना होता. पुढच्या इमारतीत बातमीदार, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही. पेपर छापणारी पाळी रात्रीची. आम्ही दिवसाचे. शाळेच्या वह्या, पावतीपुस्तकं, चर्चची गाण्यांची पुस्तकं ही आमची कामं. मी घडीच्या मशीनवर होतो. माझ्या डाव्या हाताला सहा पावलांवर अकनिसी.

सगळे तिला नौ म्हणत. नौ म्हणजे आई. तिचं लग्न झालेलं नव्हतं, पण शेडमधल्या निम्म्या माणसांना तिने काम शिकवलं होतं, म्हणून नौ. रीम उचलायची, कागदांत हवा भरायची, टेबलावर आपटून कडा जुळवायच्या, पट्टीला टेकवायच्या, मग पातं. दिवसाला दोनशे वेळा. कागद एक मिलिमीटर तिरपा कापला गेला तर पुढे माझी घडी चुकते. माझी घडी तिच्यामुळे कधी चुकली नाही. अठ्ठावीस वर्षांत मी हे वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल म्हणू शकलो नाही.

गावी गेली की लोक तिला वर्तमानपत्रवाली समजत. "नौ, आमच्या पुलाचं छापून आण," म्हणत. ती म्हणे, "मी कागद कापते. बातम्या कापणारे पुढच्या इमारतीत बसतात." तरी चर्चमध्ये तिला पुढची चटई मिळायची. वर्तमानपत्रात नोकरी म्हणजे मान होता आणि तो आम्हा सगळ्यांना हवा होता. पगार पुढच्या इमारतीतल्या शिपायापेक्षा कमी असला तरी.

कटिंग मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली येतं. कारण उघड आहे. दोन्ही हात बटणावर असले की पात्याखाली एकही नसतो. आमच्या मशीनचं डावं बटण बिघडलं होतं. सुटा भाग मिळेना, म्हणून वायरमनने तार जोडून ते कायमचं चालू करून ठेवलं. तेव्हापासून उजव्या एका बटणावर पातं पडे. अकनिसीने स्वतःला सवय लावून घेतली. उजव्याने बटण दाबताना डावा हात पाठीमागे, कमरेशी. असं दोन वर्षं.

ती मयतीला गावी गेली तेव्हा आठवडाभर तिच्या जागी मशीनवर आमच्यातला सेमी होता. एरवी तो गठ्ठे बांधायचा. त्याच्या शर्टाची बाही मनगटापासून चार बोटं कापली गेली. आतला हात कसा वाचला ते त्यालाही सांगता आलं नाही. सेमीचं आणि तिचं बेट यांच्यात पिढीजात चेष्टेचं नातं. एकमेकांना टोचून बोलायचं, रागवायचं नाही. ती परतल्यावर म्हणाली, "तुमच्या बेटावर कापड मोजून वापरायची रीत नाही वाटतं?"

"तुमच्या बेटावर कापडच नाही, नौ. म्हणून तुला दिसलं."

पण त्या दिवशी ती हसली नाही. मशीन बदलून मागायचं असं तिने ठरवलं आणि तशी मागणी वर पाठवली.

त्याच महिन्यात ब्रिस्बेनहून नवीन व्यवस्थापक आले. हॅलम. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच शुक्रवारी शेडमध्ये आले, बूट काढून चटईवर बसले आणि मुळांपासून केलेल्या कडवट यांगोनाची करवंटी दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामी केली. चेहरा वाकडा केला नाही. आम्हाला ते आवडलं. मग त्यांनी कागद वाटले. 'या कंपनीत काम करण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?' बावीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. नाव घालायचं नाही.

हॅलम तिथेच बसून राहिले. आम्ही लिहीत असताना केक कापत होते.

सेमीने पाच मिनिटांत सगळीकडे पाच टाकले. मी विचारलं, "यंत्रं सुरक्षित आहेत, याला पण पाच? बाही गेली तरी?"

"बाही माझी होती, मुनी भैया. कंपनीची नाही."

मीही पाच टाकले. अकनिसीचं पेन अकराव्या प्रश्नावर, यंत्रांच्या, थांबलेलं मला दिसलं. तेवढ्यात हॅलमनी केकची बशी तिच्यापुढे धरली. "आधी तुम्ही घ्या," म्हणाले. तिने बशी घेतली आणि पाच टाकला.

सहा आठवड्यांनी पुढच्या दारात पाटी लागली. काम करायला उत्तम जागा, सत्त्याण्णव टक्के. त्याच दिवशी कळलं की नव्या कटिंग मशीनची मागणी रद्द झाली. यंत्रांबद्दल कर्मचारी समाधानी आहेत, असं कारण लिहिलं होतं.

अकनिसीने हातातलं काम पुरं केलं. चार वाजता माझ्याजवळ आली. "उद्या माझ्याबरोबर वर ये. बोलायचं नाही. साक्षीला बस."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून यांगोनाच्या मुळांची जुडी आणली. चांगल्या जाड मुळांची. हॅलमच्या खोलीत ती जमिनीवर मांडी घालून बसली, जुडी पुढे ठेवली, मान खाली घातली. मी मागे बसलो.

हॅलम गडबडले. "अहो, उठा. खुर्ची आहे ना."

"माफी खुर्चीवर बसून मागत नाहीत, बॉस."

"कसली माफी? काय केलंत तुम्ही?"

"तुमच्या कागदावर खोटं लिहिलं. एकोणीस वेळा. तीन उत्तरं खरी होती."

"कुठली तीन?"

"पगार वेळेवर होतो. संडास स्वच्छ असतात. सोबतची माणसं चांगली आहेत."

ते हसले, मग हसू आवरलं. "पण खोटं का लिहिलंत? नाव तर विचारलं नव्हतं."

"तुम्ही आमच्या चटईवर बसला होतात. आमच्या करवंटीतून प्यायलात. पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या घराला नावं कोण ठेवतं? माझी चूक झाली. पाहुण्याचं पाहुण्यापाशी आणि मशीनचं मशीनपाशी ठेवायला हवं होतं."

हॅलम म्हणाले की अहवाल ब्रिस्बेनला गेला, आता बदलता येणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा कागद येतील. बोलता बोलता त्यांनी जुडी उचलली आणि टेबलावर ठेवायला निघाले.

मी बोलायचं नव्हतं, पण बोललो. "हात लावलात, बॉस. म्हणजे माफी पोचली. आता ऐकावं लागेल."

त्यांनी जुडीकडे पाहिलं. मग खाली बसले आणि पेन काढलं.

"प्रश्न पहिला," अकनिसी म्हणाली. "'मला इथे मान मिळतो.' तर मान बाहेर मिळतो, इथे नाही. एकतीस वर्षांत पुढच्या इमारतीतलं कुणी शेडमध्ये काम बघायला आलं नाही. दोन लिहा."

ती कुरकुरत नव्हती. प्रश्न तिला पाठ होते. एकेक सांगत गेली, आकडा देत गेली. चहाला चार दिले. अकराव्याला मात्र म्हणाली, "हे इथे सांगून कळणार नाही. खाली चला."

तिने मशीन चालू केलं. डब्यातला उकडलेला कसाव्याचा कंद काढून पात्याखाली ठेवला. मनगटाएवढा जाड होता. "बॉस, उजव्या हाताने हे बटण दाबा. फक्त हे."

हॅलमनी दाबलं. पातं आलं आणि गेलं. कसाव्याचे दोन तुकडे झाले.

"आता हलू नका," ती म्हणाली. "तुमचा डावा हात बघा."

त्यांचा डावा हात टेबलावर टेकलेला होता. पात्यापासून वीतभर लांब. तिथे कधी ठेवला ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो मागे घेतला. मग स्वतःच मुख्य बटण बंद केलं आणि लाल चिठ्ठी मागवली. 'वापरू नये.'

इथवर सगळं ठीक झालं. पुढचं कुणी फारसं सांगत नाही.

नवीन मशीन यायला अकरा आठवडे लागले. तेवढ्यात शाळेच्या वह्यांचं नाताळाआधीचं काम नाबुआ भागातल्या दुसऱ्या छापखान्याला गेलं. आमच्या सहा जणांचं जादा काम बुडालं. सेमीने त्या पैशांत आईच्या घराचे पत्रे बदलायचं धरलं होतं. तो म्हणाला, "दोन वर्षं तू हात मागे ठेवून काम केलंस ना? आणखी अकरा आठवडे ठेवला असतास तर काय झालं असतं?"

"माझा मागे राहिला असता. तुझा राहिला नव्हता."

"माझ्या हाताची काळजी मी तुझ्याकडे सोपवली नव्हती."

त्यानंतर त्याने तिची चेष्टा करणं बंद केलं. नुसतं "हो नौ, नाही नौ." चेष्टेच्या नात्यात याहून मोठा राग नाही. इतरांनीही डबा दुसरीकडे खायला सुरुवात केली. अकनिसीला हाताने पानं लावायच्या कामावर बसवलं होतं. ती एकटी खायची, वेळेवर उठायची, पानं लावायची. मी तिच्याजवळ बसत होतो, पण रोज नाही. हे लिहायला हवं.

एकदा मी विचारलं, "नौ, पस्तावा होतो का?"

"पाच टाकले त्याचा होतो. परत घेतले त्याचा नाही." मग पानं सारखी करत म्हणाली, "पत्र्यांचं वाईट वाटतं."

फेब्रुवारीत मशीन आलं. दोन बटणं आणि पात्यापुढे उजेडाचा पडदा. मध्ये कागदाची चिठ्ठी गेली तरी पातं अडायचं. अकनिसी दोन दिवस ते शिकली आणि तिसऱ्या दिवशी जुन्या वेगाने कापायला लागली. तिला निवृत्त व्हायला सात महिने होते. तिच्या जागी कोण, हे ठरलं नव्हतं. त्या मशीनवर पगार जास्त होता.

सोमवारी दुपारी सेमी तिच्या टेबलापाशी आला.

"मला शिकव."

तिने गठ्ठा पट्टीला टेकवला, दोन्ही बटणं दाबली, कापलेल्या पट्ट्या झटकल्या.

"उद्या साडेसहाला ये. पहिला महिना बटणाला हात लावायचा नाही. नुसते कागद जुळवायचे."

"महिना? कागद जुळवायला?"

"मला दोन लागले होते."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सेमी आधीच टेबलापाशी उभा राहून रीम आपटत होता. वाकडी आपटत होता. अकनिसी ती त्याच्या हातातून काढून घ्यायची आणि पुन्हा द्यायची.